जाऊबाईंच्या माहेरी

प्रिय ह्यॉन्गनिम,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता यायचं नाही. तुमच्या दिरांनी वाचून दाखवावं, तर त्यांचं मराठी अजून 'जेवलीस का'च्या पुढे गेलेलं नाही. तरी लिहिते. दक्षिण कोरियातल्या नाजूला माझी एक थोरली जाऊबाई, म्हणजे ह्यॉन्गनिम, आहे, हे माझ्या माणसांना कळू दे.

2024चा छुसॉक, म्हणजे कोरियाचा सुगीचा सण, 17 सप्टेंबरला होता. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. चिपळूणला गणपती निघाले होते आणि मी तुमच्या सासरी, म्हणजे आपल्या सासरी, परक्यासारखी उभी. आदल्या दिवशी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून तुम्ही सकाळपासून जॉनचे काप तळत होतात. मासा, झुकिनी, पीठ, अंडं, तेल, पुन्हा मासा. पूर्वजांपुढे तळण ठेवायलाच हवं असं नाही, हे सुंगक्युनक्वान या कन्फ्यूशियन संस्थेनं 2022 मध्येच जाहीर केलंय, असं मी सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "ते सासूबाईंना तू सांग."

मला मात्र तव्यापुढे बसवलं नाहीत. तांदळाच्या पिठाचा गोळा पुढे सरकवलात. गरम पाण्यात मळलेला, ही तर आपली उकडच! सारण तीळ-साखरेचं, आणि वाफवताना खाली हळदीच्या पानाऐवजी पाइनच्या सुया. सोंगप्यॉन हवं अर्धचंद्रासारखं, माझी बोटं सवयीनं कळ्या पाडू लागली. आत्या हसल्या. तुम्ही काही न बोलता तो मोदक उचललात आणि चाळणीत सगळ्यांच्या मधोमध ठेवलात. (सुबक सोंगप्यॉन करणारीला सुंदर लेक होते म्हणतात. मोदकवालीचं काय होतं, ते विचारायचं राहिलं.)

सकाळी छारये, म्हणजे पितरांची पूजा. आपल्याकडे पितृपक्षात लोक नवं कापडसुद्धा घेत नाहीत, इथे ऐन सणाचं पहिलं ताट पितरांचं. वाकताना बायकांचा उजवा हात वर असतो, माझा डावा होता. तुम्ही हळूच बदललात. कुणाला दिसलं नाही.

पण आभार खरे दुपारचे. जेवणं उरकली, लेकीसुना आपापल्या छिनजॉन्गला, माहेरी निघाल्या. मी भांडी पुसत राहिले, कारण दुसरं जायचं कुठे? तुम्ही मला, धाकट्या जावेला, दारातून हाक मारलीत, "दोंगसो, चप्पल घाल."

एवढंच. गाडीतही काही समजावलं नाहीत.

तुमच्या आईंनी मला काही विचारलं नाही. पेअर सोलून समोर ठेवला, पंखा माझ्याकडे वळवला, त्या वर्षी सप्टेंबरातही उकाडा हटत नव्हता. निघताना दोन पिशव्या भरल्या, अगदी सारख्या. किमची, वाळलेल्या मिरच्या, सोजू दारूच्या हिरव्या बाटलीत घरचं तिळाचं तेल. एक तुम्हाला, एक मला. माझी आईसुद्धा अशीच वर्तमानपत्रात बाटली गुंडाळून देते.

तेल केव्हाच संपलं. बाटली धुऊन ठेवली आहे. येत्या छुसॉकला घेऊन येते, आईंना सांगून ठेवा.

तुमची,
दोंगसो