भूल कोण देणार, ते विचारा

संपादक महोदय,

लग्नसराईच्या तोंडावर माझी भाची पोटावरची चरबी काढून घ्यायची म्हणून एका केंद्रात चौकशीला निघाली. ‘मावशी, तू चल, तुला त्यातलं कळतं,’ म्हणाली. मी 31 वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका होते.

व्यापारी संकुलातला तिसरा मजला. सोफे, फुलं, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. सकाळी या, संध्याकाळी घरी जा. मी विचारलं, “भूल कोण देणार?” टेबलावरची मुलगी म्हणाली, “भूल नसतेच काकू, झोपेचं छोटंसं इंजेक्शन देतो.” ते कोण देणार? “सरच देतात.” म्हणजे चरबी काढणारे तेच आणि श्वासावर लक्ष ठेवणारेही तेच.

त्या छोट्याशा इंजेक्शनाने काय होऊ शकतं, ते मी पाहिलं आहे. गुंगी कुठे संपते आणि पूर्ण भूल कुठे सुरू होते, याची रेघ आखलेली नसते. जीभ मागे पडते, घोरल्यासारखा आवाज येतो, मग तोही थांबतो. ऑक्सिजन चालू असेल तर बोटाचा ऑक्सिमीटर ही गोष्ट उशिरा सांगतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ लगेच सांगतो. पण त्याकडे बघणारं कुणी हवं, आणि जबडा वर उचलायला त्याचे हात रिकामे हवेत.

दुसरी गोष्ट लिग्नोकेनची. चरबी काढण्याआधी हे बधिर करणारं औषध सलाइनमध्ये मिसळून कातडीखाली भरतात. किती, ते वजनावर ठरतं. रक्तात जास्त उतरलं तर ओठ बधिर होतात, कानात आवाज येतो, पुढे झटके येतात, हृदयही थांबू शकतं. त्यावर उतारा म्हणून 20 टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे तेलाचं दुधासारखं पांढरं द्रावण, शिरेतून देतात. ते ठेवता का, असं विचारलं, तर तिथल्या कुणी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. उतरताना लिफ्ट पाहिली. चार माणसं जेमतेम उभी राहतील. स्ट्रेचर त्यात मावलंच नसतं.

मे 2022 मध्ये बंगळुरूत कन्नड मालिकांतली 21 वर्षांची अभिनेत्री अशाच चरबीच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. ती बातमी वाचल्यापासून मला चैन नाही.

भाचीला मग मी एका रुग्णालयात नेलं. तिथल्या भूलतज्ज्ञ बाईंनी तिला शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी बोलावलं. तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला सांगितली. रात्री घोरतेस का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, सगळं विचारलं. थायरॉइडची गोळी ही मुलगी आम्हालाही सांगायला विसरली होती! “तू शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत मी इथून हलणार नाही,” असं त्या म्हणाल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. खर्च जास्त आला. भाचीने कुरकुर केली, पण ऐकलं.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची पदवी लोक हल्ली विचारतात. भूल देणाऱ्याचं नाव मात्र कित्येकांना ऑपरेशन झाल्यावरही ठाऊक नसतं. संमतिपत्रावर सही करण्याआधी ते नाव आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहून मागा. नर्सिंग होम नोंदणीचं प्रमाणपत्र कुठे लावलंय, तेही बघा.

आणि संपादक महोदय, आपल्या पुरवणीतही अशा केंद्रांच्या जाहिराती येतात. त्या छापण्याआधी आपणही त्यांच्याकडे भूल देणाऱ्याचा आणि नर्सिंग होमचा, असे दोन्ही नोंदणी क्रमांक मागावेत, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, पुणे