पुस्तकवेड्यांची प्रेमकथा परकी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकवेड्या प्रेमिकांच्या कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. वाचनाच्या ओढीने दोन माणसे जवळ येतात हा विषय इंग्रजीतून, अनुवादांच्या वाटेने आपल्याकडे आला, असा त्याचा सूर आहे. अशी कादंबरी मराठीत मला तरी क्वचितच भेटली, हे खरे. पण असे जगणेच आपल्याकडे नव्हते, हे मी ग्वाल्हेरात राहून कसे मान्य करू?

१९६१ चे मराठी साहित्य संमेलन आमच्या या शहरात भरले होते. अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे. संमेलनाला स्त्री अध्यक्ष मिळाली ती तेव्हा पहिल्यांदा. त्याआधी १९५८ मध्ये मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष होते कवी अनिल, म्हणजे त्यांचे पती. ते मुक्तछंदाचे कवी, तर कुसुमावती मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा साक्षेपाने अभ्यास करणाऱ्या समीक्षक. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पुढे ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकरूपाने आली. संमेलन झाले त्याच वर्षी, नोव्हेंबरात, कुसुमावती गेल्या. माझी आई त्या मांडवात जाऊन आली होती. भाषणातले तिला फारसे आठवत नसे, पण ‘अध्यक्षाच्या खुर्चीत बाई बसली होती’ हे ती शेवटपर्यंत सांगायची.

आपल्या प्रेमकथांत पुस्तके नाहीत असे नाही. ती आहेत, पण पोस्टमनच्या कामाला. पानांत चिठ्ठी दडवायची, पुस्तक परत करायच्या निमित्ताने घरी जायचे; एकदा चिठ्ठी पोचली की पुस्तकाचे काम संपले. त्या दोघांनी ते वाचले का, एकाला आवडले आणि दुसऱ्याला नाही असे झाले का, याची लेखकाला फिकीर नसते. मला त्या वाचण्याची कादंबरी हवी आहे.

थोडे घरचे सांगते. आमचे लग्न रीतसर दाखवून, पत्रिका जुळवून झाले. ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात मनाजोगे नवे मराठी पुस्तक मिळणे कठीण, म्हणून हे पुण्याहून व्ही.पी.ने, म्हणजे पार्सल हाती आल्यावर पोस्टात पैसे भरून, मागवायचे. प्रत एक आणि वाचणारे दोघे. दुपारी मी वाचायची, रात्री हे. माझी खूण लोकरीचा धागा, यांची रेल्वेचे पुठ्ठ्याचे जुने तिकीट. नियम एकच होता : जो पुढे असेल त्याने तोंड उघडायचे नाही. एकदा एका कादंबरीचा शेवट मी दुपारी वाचला आणि संध्याकाळी माझा स्वयंपाकही नीट झाला नाही. हे तेव्हा ऐंशी पाने मागे. जेवताना माझ्याकडे नुसते पाहिले, काही विचारले नाही. दिवा लावून बसले, आणि रात्री अडीचला मला हलवून उठवले. म्हणाले, ‘आता बोल.’ उजाडेपर्यंत आम्ही बोलत होतो. लग्नाला तेव्हा दोन वर्षे झाली होती, पण इतके आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो.

भांडणेही झाली. यांना ऐतिहासिक कादंबऱ्यांचे वेड, मला त्या चाळीस पानांपुढे जात नसत. ‘तू नुसती रडायला वाचतेस’ असे हे एकदा म्हणाले, तेव्हा मी महिनाभर धागाच काढून ठेवला होता. हेही कादंबरीत यायला हवे. दोघांची आवड अगदी एकसारखी दाखवली की मला ती गोष्ट खोटी वाटू लागते.

बृहन्महाराष्ट्रातल्या कुणा तरुण मुलाने किंवा मुलीने हे लिहावे असे फार वाटते. बाजारात ‘सब्जी’ म्हणणारी आणि घरी येऊन मराठी कादंबरी उघडणारी माणसे, लष्करातल्या बाडा चौकातली गर्दी, पार्सलची वाट पाहण्यातले दिवस, हे त्यांना आतून ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या लेखकाला ते विचारून घ्यावे लागेल.

आपल्याकडे मागणे एवढेच, की पुरवणीत अनिल-कुसुमावतींच्या त्या पत्रांवर कुणाकडून तरी सविस्तर लेख लिहवून घ्यावा. आणि जमल्यास तो दोन रविवारांत छापावा. एका पानात ते मावणार नाही.

आपली,
एक जुनी वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर