नव्या डिझेल मोटरहोमच्या सदोष बांधणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(कंपनीचे नाव व पत्ता पाकिटावर)

विश्रामबाग, सांगली
दि. ४ ऑगस्ट २०२५

विषय : नव्या मोटरहोमची गळती, वायरिंग, वजन व बॉडी बांधणीतील इतर दोष

संदर्भ : बुकिंग पावती, ताबा पावती आणि मी आपल्याला पाठवलेले तीन ई-मेल

महोदय,

स. न. वि. वि.

यंदाच्या गुढीपाडव्याला मी आपल्या कारखान्यातून डिझेल मोटरहोम ताब्यात घेतली. किंमत ३८ लाख ४० हजार, एकही हप्ता बाकी नाही. चार महिन्यांत ती १,९०० किलोमीटर चालली. सध्या ती माझ्या दारात ताडपत्रीखाली उभी आहे, कारण पाऊस आला की ती आतून भिजते. एवढ्या पैशात घेतलेल्या फिरत्या घराला वरून ताडपत्री घालावी लागते, हे पाहून गल्लीतली पोरं हसतात. मला अजून हसू येत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ‘ग्राहकाला यातलं काय कळतं’ असं कुणाच्या मनात यायला नको. दापोडीला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला माझी ३१ वर्षं गेली. पिलर उभे करणं, रूफ स्टिक बसवणं, पत्रा मारणं, हेच आयुष्यभर केलं. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन देश बघायचा, आणि हॉटेलात न उतरता बघायचा, एवढ्यासाठी ही गाडी घेतली.

आणि इतकं सगळं येत असूनही मी फसलो, त्यात थोडा दोष माझाही आहे. गाडी कधी दिवे लावून ताब्यात घेऊ नये, हे मी नव्या पोरांना कायम सांगत आलो. आपण ताबा दिला संध्याकाळी सात वाजता. हार होता, पेढे होते, एक मुलगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. आत निळ्या एलईडी पट्ट्या लावलेल्या, त्या उजेडात लॅमिनेट आरशासारखं दिसत होतं. मी पलंगाखालची फळी उचलायला गेलो तर आपला विक्री प्रतिनिधी म्हणाला, ‘‘काका, ते उघडलंत तर वॉरंटी जाईल.’’ मी भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकून बघत होतो, तेव्हा तोच म्हणाला, ‘‘काका, ही एसटी नव्हे, लक्झरी प्रॉडक्ट आहे.’’ सगळे हसले. मीही हसलो आणि सही केली.

सांगलीत कुणी घर बघायला गेलं की हॉलची फरशी नंतर बघतो, आधी भिंतीवर २००५ आणि २०१९ च्या पुराची रेघ शोधतो. गाडीतही मी आधी तीच शोधायला हवी होती. ती मला सापडली जूनच्या अखेरीस, कोयनानगरला.

आम्ही चौघं होतो, मी, सौ., मेहुणा आणि त्याची बायको. कराड-पाटणमार्गे कोयनानगरला मुक्काम आणि सकाळी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, असा बेत होता. कोयनेचा पाऊस कसा असतो ते या भागात कुणाला सांगावं लागत नाही. रात्री एकच्या सुमारास मेहुण्याच्या तोंडावर पाणी पडलं. छतावरच्या एसीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून धार लागली होती. खाली पातेलं ठेवलं, ते पहाटेपर्यंत दोनदा ओतलं. आपल्या ई-मेलमध्ये याला ‘कंडेन्सेशन’ म्हटलं आहे. चार माणसं बंद गाडीत झोपली की काचेवर पाणी धरतं, हे मलाही ठाऊक आहे. पण श्वासाचं पाणी पिवळं नसतं, आणि त्याने पातेलं भरत नाही.

घरी आल्यावर मी शिडी लावून वर चढलो. छताला माथा दिलेलाच नाही. बसचं छत मधे उंच आणि कडेला उतरतं ठेवतात ते दिसायला नव्हे, पाणी वाहून जावं म्हणून. आपलं छत सपाट, त्यात एसीचं वजन पडून मधे बसलेलं, त्यामुळे एसीभोवती अर्धा इंच पाणी साचून राहतं. एसीसाठी जो चौकोन कापला आहे, त्याच्या कडेला आतून चौकट नाही. कापलेला फोम आणि प्लाय तसेच उघडे ठेवून वरून सिलिकॉन फासलं आहे. तिथे पाणी अडवणारी चिकट ब्यूटाइल टेप हवी होती, आणि कडा आधी बंद करायला हव्या होत्या. सिलिकॉन एका बाजूने सुटलंय, नखाने सोलून निघतं.

मग पुतण्याला पाइप धरायला लावला आणि मी टॉर्च घेऊन आत बसलो. पाणी आधी खालच्या सांध्यांवर, मग खिडक्यांवर, सगळ्यात शेवटी छतावर मारायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि आत आलं ते कुठल्या सांध्यातून, हे कळत नाही. कार्यशाळेत बॉडी पूर्ण झाली की गाडी शॉवर टेस्टला उभी राहायची. गळती निघाली तर पुढे सरकायचीच नाही. ती एसटी होती, लक्झरी प्रॉडक्ट नव्हतं. या पाण्यात एसीखेरीज डाव्या खिडकीची खालची कड आणि मागच्या दाराचा वरचा कोपराही गळताना सापडला. लाकडाच्या वखारीतून ओल मोजायचं मीटर आणलं. कोरड्या प्लायला १२ टक्क्यांच्या आसपास ओल दाखवणारं ते मीटर पलंगाच्या डोक्याशी २७ टक्के दाखवत होतं. आपल्या माहितीपत्रकात ‘मरीन प्लाय’ असं लिहिलंय. मरीन प्लायवर आयएस ७१० चा शिक्का असतो. मी तीन फळ्या उलट्या करून बघितल्या. दोनवर शिक्काच नाही, तिसरीवर आयएस ३०३ चा आहे, म्हणजे घरातल्या कपाटाचा प्लाय. ओलीने तो फुगायला लागलाय आणि डाव्या भिंतीचं पॅनेल दोन हात रुंदीत फोमपासून सुटलंय. ठोकलं की भरीव आवाजाऐवजी सूप वाजवल्यासारखा आवाज येतो.

गळतीने गाडी कुजेल. वायरिंगने ती पेटेल, म्हणून हा भाग कृपया नीट वाचावा. आपण १२ व्होल्टच्या बॅटरीवर २,००० वॉटचा इन्व्हर्टर दिला आहे. २,००० ला १२ ने भागलं की १६७ अँपिअर होतात, इन्व्हर्टरमधली नासाडी धरली तर त्याहून जास्त. एवढ्या करंटला ७० चौरस मिलिमीटरची केबल लागते. आपण १६ ची टाकली आहे. मिक्सर आणि इंडक्शन शेगडी एकदम लावली की ती हाताला चटका देण्याइतकी तापते. बॅटरीच्या टोकाशी फ्यूज नाही. फ्यूज आहे तो दीड मीटर पुढे, इन्व्हर्टरच्या जवळ. मधल्या दीड मीटरमध्ये केबल कुठे घासली तर तिला अडवणारं काहीच नाही. आणि ती घासतेच आहे. जमिनीच्या पत्र्याला भोक पाडून केबल खाली नेली आहे, भोकाची धार झाकणारं रबरी कडं (ग्रोमेट) घातलेलं नाही. १,९०० किलोमीटरमध्ये वरचं इन्शुलेशन निम्मं कापलं गेलंय. फोटो सोबत आहे. हे दिसल्यापासून मी बॅटरीची तार काढून ठेवली आहे.

गॅसच्या कप्प्याबद्दलही तेच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तो तळाशी साठतो. म्हणून हवा जायची जाळी तळाला ठेवायची आणि कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद करायचा. आपण जाळी वर दिली आहे आणि कप्प्याच्या मागे पलंगाखाली उघडी फट आहे. बायकोला हे सांगितल्यापासून ती त्या गाडीत चहासुद्धा करत नाही.

आता डिझेलचं. बीएस-६ डिझेल इंजिनाचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आतली काजळी जाळताना सहाशे अंशांच्या आसपास तापतो. त्याच्या नळीपासून चार बोटांवर सांडपाण्याची प्लॅस्टिकची टाकी आपण टांगली आहे, मधे उष्णतारोधक पत्रा नाही. टाकीची ती बाजू मऊ होऊन आत बसली आहे. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायचा बोल्ट आपल्या सामानाच्या पेटीमागे गेलाय. पेटीचे आठ नट काढल्याशिवाय हात पोहोचत नाही. ॲडब्लूचं, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाच्या टाकीचं, झाकण बॉडीच्या खालच्या कडेच्या पत्र्याने (स्कर्टने) निम्मं झाकलंय, दर वेळी नळी लावून वाकडं बसून भरावं लागतं. आणि पायरीचं ब्रॅकेट बसवायला चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लांब तुळईच्या (लाँग मेंबरच्या) खालच्या आडव्या पट्टीला, फ्लँजला, दोन भोकं पाडली आहेत. फ्लँजला भोक पाडायचं नाही, हे शिकाऊ पोरालासुद्धा पहिल्या महिन्यात सांगितलं जातं. चासी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो तर ते भोकांकडे बोट दाखवून म्हणाले, बॉडीवाल्यांना विचारा. आपल्याला विचारलं तर आपण लिहिता, चासीबद्दल चासीवाल्यांशी बोला. ही टोलवाटोलवी दोन महिने चालली आहे.

वजनाचं आपण मला कधीच काही सांगितलं नाही, म्हणून मी मार्केट यार्डजवळच्या वजनकाट्यावर गाडी चढवली. हळदीच्या पोत्यांच्या ट्रकमागे रांगेत उभा राहिलो, काटेवाल्याने आत डोकावून विचारलं, ‘‘काय भरलंय?’’ म्हटलं, संसार. डिझेल पूर्ण, पाण्याच्या टाक्या रिकाम्या, आत माणूस नाही, तर गाडी भरली ३,५६० किलो. आरसीवर एकूण वजन ४,००० आहे. राहिले ४४०. पाण्याची टाकी १५० लिटरची, म्हणजे १५० किलो. माणशी ६८ किलो धरले तर चौघांचे २७२. उरले १८ किलो. या १८ किलोंत गॅसची टाकी, अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा, जॅक, पाने आणि माझ्या बायकोच्या लोणच्याच्या बरण्या आपण बसवून दाखवाव्यात. माहितीपत्रकात ‘५०० किलो सामानाची क्षमता’ असं छापलंय. शिवाय फ्रिज, ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी सगळं डाव्या अंगाला. एका बाजूची चाकं काट्यावर ठेवून बघितलं तर डावी बाजू १,९३० आणि उजवी १,६३० भरली, तीसुद्धा पाणी न भरता. मे महिन्यात पसरणीच्या घाटात गाडी वळणावर डावीकडे झुकत होती, तेव्हा मला वाटलं माझंच वय झालं.

कपाटांचे कब्जे, वळणावर उघडणारे ड्रॉवर, संडासच्या दाराची कडी यांच्याबद्दल मी तक्रार करत नाही. ते माझं मी दुरुस्त केलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की, हे दोष वापरून झालेले नाहीत, बांधतानाच झालेले आहेत. आणि ते सगळे लॅमिनेटच्या आत, फळीखाली आणि चासीवर आहेत. जिथे मला ताब्याच्या दिवशी बघू दिलं नाही. म्हणून ‘ग्राहकाने तपासून ताबा घेतला’ हे आपल्या ई-मेलमधलं वाक्य मला मान्य नाही.

आपल्याकडून मला पुढील गोष्टी हव्या आहेत. एसी उतरवून छताला माथा देऊन ते नव्याने बांधावं, सुटलेलं पॅनेल आणि भिजलेला सगळा प्लाय बदलावा, आणि बदललेल्या प्लायचा शिक्का मला लॅमिनेट चढवण्याआधी दाखवावा. वायरिंग आणि गॅसचा कप्पा पूर्ण नव्याने करावा. टाकी डीपीएफपासून हलवावी, म्हणजे डाव्या बाजूचं वजनही थोडं कमी होईल. लाँग मेंबरच्या भोकांबद्दल चासी कंपनीचं लेखी मत आपण आणून द्यावं; ते धावाधाव करायचं काम माझं नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानक आहे. त्यानुसार या मॉडेलला मिळालेल्या मान्यतेची प्रत आणि तिच्यात नोंदलेलं रिकाम्या गाडीचं वजन मला कळवावं. मान्यतेला दाखवलेली गाडी आणि मला दिलेली गाडी एकाच वजनाची होती का, हे मला बघायचं आहे. काम चालू असताना दर आठवड्याला मी येऊन बघणार. पलंगाखालची फळी त्या वेळी उघडी असावी.

हे ४५ दिवसांत शक्य नसेल तर गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे तक्रार दाखल करता येते आणि मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्ह्यातच चालते, एवढं मी विचारून ठेवलं आहे. मला ते करायची हौस नाही. आपल्या कारखान्यात मी वेल्डिंग करणारी दोन पोरं बघितली, त्यांचे टाके चांगले होते. त्यांना वेळ आणि योग्य माल दिला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं, असं मला वाटतं.

सोबत २३ फोटो, वजनकाट्याच्या दोन पावत्या आणि सिलिकॉनचा सोललेला तुकडा जोडला आहे.

आपला माणूस गाडी बघायला येणार असेल तर सकाळी दहाच्या आत, उन्हं असताना पाठवावा. शिडी माझ्याकडे आहे.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)