चाळीत राहणे म्हणजे शोकांतिका?

संपादक महोदय,
कालच्या पुरवणीतला भगवानदादांवरचा लेख वाचला. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, सात वारांच्या सात गाड्या आणि शेवटी 'दादरच्या चाळीत काढावे लागलेले दिवस'. दर दोन-चार वर्षांनी हाच लेख येतो, खालचे नाव तेवढे बदलते. आम्हीही दादरच्या चाळीतच राहतो. लेखकमहाशयांनी जाता जाता आमच्यासाठीही हळहळायला हरकत नव्हती.

गिरणी कामगाराचा मुलगा, स्वस्तातले मारधाडपट काढत वर आला. १९५१ च्या 'अलबेला'त निर्माता, दिग्दर्शक, नायक सगळे स्वतःच. पुढे 'झमेला', 'लाबेला' चालले नाहीत, तरी मिळेल ते किरकोळ काम म्हातारपणापर्यंत करत राहिला. २००२ साली वयाच्या ८८ व्या वर्षी गेला. या कामाला तुमच्या लेखात दोन ओळी, आणि गाड्यांना अख्खा परिच्छेद!

हे लेख कसे तयार होतात ते मी घरात पाहिले आहे. माझ्या मामांनी तरुणपणी एका चित्रपटात बऱ्यापैकी काम केले होते. गाणे गाजले, वर्षभर लोक रस्त्यात ओळखायचे. मग कामे येईनाशी झाली आणि त्यांनी कारखान्यात नोकरी धरली. मधे दारू होती, उधारी होती, ते मी नाकारत नाही. पण रिटायर होईपर्यंत संसार नीट केला. म्हातारपणी एका वर्तमानपत्राचा (तुमच्या नव्हे) बातमीदार फोटोग्राफरला घेऊन आला. मामा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. "शर्ट काढा, बनियनवरच बसा." टीव्ही फोटोत येत होता म्हणून त्यावर मामीची साडी टाकली, मामांना मोरीपाशी बसवले. मथळा आला 'विस्मृतीच्या अंधारात'. ट्यूबलाइट यांनीच बंद करायला लावली होती! वर न विचारता मदतीचे आवाहन. कारखान्यातले जुने सोबती पाकीट घेऊन दारात आले, तेव्हा मामा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

आणखी एक. लेखाखाली 'उर्वरित मजकूर पान ७ वर' असे छापले होते. पान ७ वर दादरमधल्या नव्या टॉवरची पानभर जाहिरात निघाली. उर्वरित मजकूर कुठे आहे, ते कृपया कळवावे.

– एक जुना वाचक, दादर