चित्रपट्टीची धार

महोदय,

गिरगावातल्या आमच्या घरी एक जुनी वही आहे. वडील वर्तमानपत्रातली रोजची चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) कापून तीत खळीने चिकटवत. पहिल्या पानांवरची पोरं वात्रट आहेत, मोठ्यांचं ढोंग भर चाळीत उघडं पाडतात. शेवटच्या पानांवर तीच पोरं नुसती गोड हसतात. रेषा सफाईदार झाली, पण टोचायची थांबली. मला याचं फार वाईट वाटतं.

अमेरिकन चित्रकार चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ची पहिली पट्टी २ ऑक्टोबर १९५० ची. तीत एक मुलगा समोरून जाणाऱ्या चार्ली ब्राउनचं कौतुक करतो आणि तो पुढे जाताच त्याचा किती तिटकारा आहे ते बोलून दाखवतो. पुढे चार्लीचा कुत्रा स्नूपी दोन पायांवर चालू लागला, मगांवर, टी-शर्टांवर झळकला आणि तो कडूपणा निवळला. बिल वॉटरसन यांनी मात्र आपली ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ ही पट्टी १९९५ अखेर, दहा वर्षांतच, ऐन भरात थांबवली.

आपल्या संपादकांनी चित्रकाराला दम घेऊ द्यावा, सुट्टी द्यावी. आणि कुणाला तरी लागेल म्हणून त्याची पट्टी परत पाठवू नये.

– एक जुना वाचक, गिरगाव, मुंबई