एका डोळ्यापुढं अचानक अंधार आला तर

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

बाबांना बीपी आणि साखर दोन्ही आहे, म्हणून हे लिहून पाठवतेय. कागद कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवा.

एका डोळ्यानं एकदम दिसेनासं झालं, पण दुखत नाही, डोळा लालही नाही, तर मोतीबिंदू समजून बसू नका. मोतीबिंदू महिनोन्महिने वाढतो, मिनिटात येत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्त देणारी एक बारीक रक्तवाहिनी असते. मानेच्या रक्तवाहिनीतून किंवा हृदयातून सुटलेली गुठळी तिथं अडकते. रक्त पूर्ण अडलं तर दीड तासाच्या आसपास, कधी त्याआधीही, पडदा मरू लागतो. चार तासांनंतर फारसं वाचत नाही. हा डोळ्याला मारलेला लकवाच.

त्यामुळे "सकाळी बघू" म्हणायचं नाही. गुलाबपाणी, मध, एरंडेल काही घालायचं नाही, चष्म्याच्या दुकानात जायचं नाही. आधी घड्याळ बघा. शेवटचं नीट कधी दिसत होतं, ती वेळ लिहा. झोपेतून उठल्यावर कळलं तर रात्री झोपतानाची वेळ सांगायची. मग १०८ ला फोन करून सांगा, "एका डोळ्याची नजर एकदम गेली, लकव्याचा पेशंट समजा." शेजाऱ्यांची गाडी दारात असेल तर तीच काढा. बाबा, स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नका. औशात थांबू नका. लातूर वीसेक किलोमीटर आहे, जिथं चोवीस तास सिटी स्कॅन आणि मेंदूचे डॉक्टर आहेत तिथंच जा. असं कुठलं हॉस्पिटल आहे ते आजच विचारून नंबर इथं खाली लिहा.

आई, निघताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घे, रक्त पातळ होण्याची गोळी असेल तर ती आधी दाखव. घरी अ‍ॅस्पिरिन किंवा बीपीची जादा गोळी देऊ नको.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत पोचलात तरच विचारात घेतात. मेंदूच्या लकव्यात ते चांगलं रुळलेलं आहे. डोळ्यासाठी पुरावा अजून पक्का नाही, आणि त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. डोळा दाबून चोळणं, सुईनं पाणी काढणं या जुन्या उपायांचा फायदा सिद्ध झालेला नाही. नजर परत येईलच असं कुणी सांगू शकत नाही. तरीही जायचंच, कारण पुढची गुठळी मेंदूत जाऊ शकते, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत तो धोका सगळ्यात जास्त असतो. मेंदूचा एमआरआय, मानेचा डॉप्लर, ईसीजी, इको हे सगळं त्यासाठीच. पाच मिनिटं पडदा पडल्यासारखं होऊन परत दिसू लागलं, तरी त्याच दिवशी, लगेच निघायचं.

कानशील दुखणं, कंगवा फिरवताना टाळू दुखणं, भाकरी चावताना जबडा भरून येणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. तो रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. त्यात तातडीनं स्टिरॉइड दिलं नाही तर दुसराही डोळा जाऊ शकतो.

दोन्ही डोळे उघडे असले की एकाची नजर गेलेली लक्षातही येत नाही. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी एक-एक डोळा तळहातानं झाकून कॅलेंडरची तारीख वाचा, दोघांनीही.

तुमची लेक