खोडलेलं प्रश्नचिन्ह

महोदय,

हायस्पीड रेल्वेच्या बोगद्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. बोगदा खोदणाऱ्या यंत्राचा फोटो झकास आहे. अभियांत्रिकी भूवैज्ञानिक म्हणून मी 33 वर्षं बोगद्यांच्या कामात काढली, आता निवृत्त आहे. तेव्हा एक चूक आधी सांगते, मग माझ्या तक्रारीकडे येते.

गाडी जेमतेम साडेतीन मीटर रुंद, मग बोगदा एवढा ऐसपैस कशाला, ही उधळपट्टी आहे, असं लेखात म्हटलंय. ती जागा हवेसाठी असते. ताशी 300 किलोमीटरने गाडी आत घुसली की पुढची हवा दाबली जाते आणि दाबाची लाट ध्वनीच्या वेगाने पळत गाडीच्या कितीतरी आधी दुसऱ्या तोंडाशी पोहोचते. जपानमध्ये सान्यो शिंकान्सेन हा बुलेट ट्रेनचा मार्ग 1975 मध्ये हाकातापर्यंत गेला, त्या सुमाराला गाडी आतच असताना बोगद्याच्या पलीकडे तोफ डागल्यासारखा आवाज होतो हे लक्षात आलं. रुळांखाली खडी असेल तर लाट थोडीफार जिरते; काँक्रीटच्या स्लॅबवर जिरत नाही, उलट लांब बोगद्यात ती जास्तच उभी होत जाते. म्हणून तोंडाशी बाजूला खिडक्या ठेवलेलं हूड, म्हणजे बोगद्यापुढचं आच्छादन, बांधतात, गाडीचं नाक लांबट करतात आणि बोगद्यात जागा सोडतात. आतल्या प्रवाशांचे कानही त्यानेच वाचतात.

आता तक्रार. संपूर्ण लेखात जमीन कुठेच नाही. यंत्राचा व्यास आहे, वजन आहे, दिवसाला किती मीटर सरकलं ते आहे. ते ज्यातून सरकलं तो दगड मात्र बेपत्ता.

वेगवान मार्गावर ही चूक जास्त महागात पडते. जुना रेल्वेमार्ग डोंगराला वळसा घालायचा. वाईट दगड दिसला की आखणी थोडी इकडेतिकडे सरकवता यायची. तोकायदो शिंकान्सेनला वळणाची त्रिज्या किमान 2500 मीटर धरली होती, सान्योला ती 4000 मीटर झाली. एवढ्या ताठ रेषेला कशालाच वळसा घालता येत नाही. प्रस्तरभंग, म्हणजे जिथे दगड तुटून सरकलाय असा पट्टा, वाटेत आला की त्यातूनच जायचं. मग तो कुठे आहे, किती रुंद आहे, त्यात पाणी किती दाबाने आहे, हे आधी कळायला हवं. ते कळतं बोअर घेऊन, आणि खोलवरची नेमकी माहिती हवी असेल तर दुसरा सोपा रस्ता नाही.

बोअरमधून दगडाचा जो गाभा निघतो तो लाकडी पेटीत ओळीने मांडतात. आम्ही त्याला कोअरच म्हणतो. माझी निम्मी नोकरी या पेट्यांसमोर उकिडवं बसण्यात गेली. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडे तेवढे टेपने मोजायचे, त्यांची बेरीज करायची आणि खोदलेल्या लांबीशी टक्केवारी काढायची. दगड किती अखंड आहे याचं हे माप, यालाच आरक्यूडी म्हणतात. शाळकरी गणित आहे. मेख तुकड्यांच्या टोकांत असते. ड्रिलरच्या हातून मोडलेला तुकडा ताजा, खरखरीत, शेजारच्याला घट्ट बसणारा. मुळातच फुटलेल्या दगडाच्या टोकावर गंजासारखा तांबूस डाग असतो, नाहीतर मातीचा पातळ लेप. बोट फिरवलं की गुळगुळीत लागतो. हा लेप चिकणमातीचा असेल तर मी त्यापुढे हमखास फुली मारायची.

आणि दीड मीटर खोदून साठ सेंटिमीटरच कोअर हाती आला तर उरलेल्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवतात. नवखा माणूस आधी दगड पाहतो. जुना माणूस आधी ठोकळे मोजतो. जे वरच आलं नाही, वाहून गेलं, ते बोगद्यात अंगावर येणार असतं.

एका मार्गावर (नाव सांगत नाही) खिंडीखाली दोन बोअर ठरले होते. तिथे ड्रिलिंगचं मशीन चढवायला वाट नव्हती आणि वाट करायला तारीख नव्हती. दोन्ही बाजूंचे बोअर बरे आलेत, मधलं जोडून घ्या, असा निरोप आला. मी दगडांच्या थरांच्या उभ्या छेदात तिथे तुटक रेघ ओढली आणि वर प्रश्नचिन्ह काढलं. निविदेबरोबर गेलेल्या नकाशात रेघ सलग झाली होती. प्रश्नचिन्ह कुणीतरी खोडलं होतं. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून असेल. खोदकाम खिंडीखाली पोहोचलं तेव्हा एका रात्री समोरच्या खोदत्या भिंतीतून करडा चिखल येऊ लागला, आधी बोटाएवढा, पहाटेपर्यंत मोरीच्या पाइपाएवढा. माणसं वेळेत बाहेर आली. काम पाच महिने बंद राहिलं. बातमी छापून आली: 'निसर्गाचा अडथळा'.

निसर्ग तिथे आधीपासूनच होता, महोदय.

उलट बाजूचं उदाहरण स्वित्झर्लंडचं. 57 किलोमीटरच्या गोटहार्ड पायथा बोगद्याच्या वाटेत पिओरा नावाचा डोलोमाइटचा, म्हणजे चुनखडीसारख्या दगडाचा, पट्टा होता. हा दगड कुठेकुठे साखरेसारखा सुटा, आणि वर पाण्याचा प्रचंड दाब. तिथे 1993 पासून फक्त तपासणीसाठी साडेपाच किलोमीटरची वेगळी सुरंग खोदली. 1996 मध्ये तिच्यातून घेतलेल्या एका बोअरमधून ते पाणी आणि साखर खरंच आत घुसली. तरी बोअर चालू ठेवले, आणि शेवटी कळलं की मुख्य बोगद्याच्या पातळीला दगड घट्ट आणि कोरडा आहे. 2008 मध्ये यंत्र तिथून विनातक्रार निघून गेलं. कुणी म्हणेल, काही नव्हतंच तर एवढा खर्च कशाला. 'काही नाही' हे उत्तर फुकट मिळत नसतं, एवढंच मी म्हणेन. 15 ऑक्टोबर 2010 ला दोन्ही बाजू भेटल्या तेव्हा आडवी चूक 8 सेंटिमीटर, उभी 1. तो आकडा सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला. पिओराचे बोअर किती जणांनी?

जाता जाता, तुमच्या लेखकाला यंत्रांना बायकांची नावं देण्याची प्रथा गोड वाटली. माझ्या पहिल्या साइटवर बाई आत गेली की बोगदा रुसतो म्हणून फोरमनने मला तोंडाशीच थांबवलं होतं. कोअर बाहेर आणून देतो म्हणाला. जर्मनीत राष्टाट इथे 2017 च्या ऑगस्टमध्ये चालू रुळांखालून जाताना वरचे रूळ खचले, तेव्हा बोगद्याचा तो भाग काँक्रीटने भरून टाकला आणि यंत्र आतच गाडलं गेलं. त्याचं नाव विल्हेल्मिना. रुसलं कोण, ते फोरमनला विचारायचं राहिलं.

आपल्या वार्ताहराला एवढंच सांगा. पुढच्या वेळी साइटवर गेल्यावर यंत्रासमोर फोटो जरूर काढावा, मग कोअर शेड कुठे आहे विचारावं. ती बहुधा मागच्या बाजूला, पत्र्याची, कुलूप लावलेली असते आणि किल्ली कुणाकडे आहे हे पटकन सापडत नाही. तरी थांबावं. पेट्या उघडायला लावून ठोकळे मोजावेत, आणि ते ज्या खोलीवर आहेत तिथे नकाशात काय काढलंय ते पाहावं.

आपली,
एक निवृत्त भूवैज्ञानिक